बराक दोन विरुद्ध बराक चार

हे लिहायचा मला काय अधिकार, हा प्रश्न पहिल्या ओळीपासून माझ्या मनात आहे. मी काही लेखक नाही. तुरुंग खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि सुभेदार होऊन निवृत्त झालो. साठी उलटल्यावर मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. आता रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या अभ्यासकेंद्रात, खाली दवाखाना आणि वर आमचा वर्ग अशा इमारतीत, नातवंडांच्या वयाच्या मुलामुलींच्या शेजारी बाकावर बसतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे वहीवर चार ओळी लिहिल्या तरी कुणाची तरी परवानगी घ्यायची राहिली असं वाटत राहतं. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही भिंतीच्या आत जे बघितलंत तेवढंच लिहा." त्यांना ते सोपं वाटलं असेल. पण जे लिहायचं त्यात माझे वडील आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फारसं चांगलं लिहिता येणार नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. वडील आता नाहीत, आणि असते तरी त्यांच्याकडून तशी अपेक्षा धरणं मला बरं वाटलं नसतं.

आम्ही जेलच्या लाईनीत राहायचो. लाईन म्हणजे जिल्हा कारागृहाच्या तटाला लागून असलेल्या कर्मचाऱ्यांच्या खोल्या; दोन खोल्या, पुढं ओटी, मागं मोरी. पहाटे तटापलीकडून बेकरीचा वास यायचा. बंद्यांनी भाजलेला पाव शहरात विकायला जायचा, पण पहिला वास आमचा असायचा, आणि शाळेत असताना मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी सकाळ अशीच होत असेल. संध्याकाळी बंदी बराकीत घातले की मोजणी व्हायची. मोजणी जुळली की गेटवर घंटा पडायची आणि ती पडल्याशिवाय आई भाकरी थापायला घेत नसे, कारण त्याआधी आबा, म्हणजे माझे वडील, घरी येणंच शक्य नव्हतं. कधी आकडा चुकायचा, परत मोजायला लागायचं. मग लाईनीतल्या सगळ्या चुली तशाच धुमसत राहायच्या आणि बायका ओटीवर येऊन तटाकडं बघत बसायच्या. "कोण पळालं का काय गं?" "पळतंय कुठलं. तुझ्या मालकाला बेरीज येत न्हाय." असं हसणं चालायचं. घंटा झाली की सगळ्या एकदम आत जायच्या आणि सगळ्या लाईनीत थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. आजही कुणी भाकरी थापताना ऐकलं की मला पहिल्यांदा मोजणी आठवते.

आबा सुभेदार होते. साहेब लोक बदलून जात, जेल चालवायचं काम सुभेदाराचं. कुठला बंदी कुठल्या बराकीत झोपेल, कोण विणकामावर जाईल, कोण शेतीच्या टोळीत, कुणाची कुणाशी गाठ पडू द्यायची नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. मूळचे आम्ही बिद्रीकडचे, पण आबांचं लहानपण मंगळवार पेठेत मामाच्या घरी गेलं. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात; तिथल्या तालमीच्या संघातून ते खेळले होते. उजव्या पायाचं एक बोट मोडून वाकडं झालेलं, ते अंघोळीला बसले की अभिमानानं दाखवायचे. त्या संघाशी वैर असलेल्या दुसऱ्या पेठेचं नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती. ती पेठ कुठली हे मी लिहीत नाही. कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्या माणसाला सांगून त्यातली धग कळणार नाही.

बारावी झालो आणि आबांच्या शब्दावर मी त्याच जेलात शिपाई लागलो. मला पुढं शिकायचं होतं, पण ते कुणी विचारलं नाही. बंदी मला "धाकटं सुभेदार" म्हणून चिडवायचे. त्याच सुमारास नवे अधीक्षक आले, विदर्भातले, शांत बोलणारे. त्यांना जेल बदलायचं होतं. त्यांनी विणकाम वाढवलं, भजनाचं मंडळ काढलं आणि दुपारचा साक्षरता वर्ग सुरू करून तो माझ्या गळ्यात टाकला. माझ्याएवढा शिकलेला शिपाई दुसरा नव्हता म्हणून. खरं सांगतो, मला त्या वर्गात फार बरं वाटायचं. कॉलेजात जायचं राहिलं ते दुःख तासभर विसरायला व्हायचं.

शिवाप्पा तिथं भेटला. सीमेलगतच्या खेड्यातला लिंगायत शेतकरी, जन्मठेपेचा बंदी. बांधावरच्या भांडणात त्यानं चुलतभावाच्या डोक्यात खोरं घातलं होतं, आणि ते त्यानं कोर्टातही नाकारलं नव्हतं. पाटीवर अक्षर काढायचा तेव्हा जीभ बाहेर काढून काढायचा. दुसरे बंदी हसले की म्हणायचा, "हसा की. तुमचं बायकूला पत्र मलाच लिवायला लावशीला एक दिवस."

दर महिन्याच्या एका सोमवारी त्याची आई मुलाखतीला यायची. शिवाप्पा तिला कानडीत अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेही तिला अव्वाच म्हणायचो. घरचं खाणं आत न्यायची परवानगी नव्हती, हे तिला माहीत होतं, तरी ती जोंधळ्याच्या पातळ भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून आणायची. गेटवरून परत पाठवली की ती आमच्या ओटीवर येऊन बसायची आणि ते गाठोडं आईपुढं सोडायची. "आक्का, तुमची पोरं खाऊंदे. कुणाच्या तरी पोराच्या पोटात जाऊंदे." तिच्या डोळ्यांवर पडदा चढत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे उतरणारं नाही, हळूहळू सगळंच जाणार. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघायची आणि धाकट्या भावाला म्हणावं तसं तम्मा म्हणून विचारायची, "तम्मा, साहेब काय म्हणालं? माझी नजर हाय तवर सोडतील न्हवं?"

याला कारण होतं. शिवाप्पाचं नाव खुल्या कारागृहासाठी वर गेलं होतं. खुल्या कारागृहात भिंत नसते, बंदी शेतात काम करतो, त्याची माफी, म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस, जास्त जमते आणि शिक्षा लवकर संपते. रजाही सहज मिळते. वागणूक चांगली असली तरच हे मिळतं, आणि शिवाप्पाच्या वागणुकीवर एकही डाग नव्हता. फक्त वरच्या साहेबांची मान्यता यायची होती. आता त्याच जेलात बंद्यांना पडद्यावर घरच्यांशी बोलायला मिळतं असं ऐकतो. म्हातारीला एवढं जरी मिळालं असतं तरी पुष्कळ होतं. पण तेव्हा बघायचं म्हणजे जाळीतून, आणि जाळीतून तिला आधीच काही दिसत नव्हतं.

अधीक्षक साहेबांनी मग फुटबॉल काढला. या गावच्या माणसाला फुटबॉल दिला की तो सुधारेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बराक दोन विरुद्ध बराक चार, अनवाणी, कारण बुटांच्या नाड्या आत चालत नाहीत. पहिल्या आठवड्यात खेळ अगदीच रडका झाला. साहेब हिरमुसले. आबा म्हणाले, "माझ्यावर सोडा साहेब." आणि त्यांनी बराकी बदलल्या. एकेक करून मंगळवार पेठेची आणि आसपासची पोरं दोनमध्ये आली, पलीकडच्या पेठेची चारमध्ये गेली. त्यात कपट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. आबांना वाटलं एका तालमीत वाढलेली पोरं एकमेकांना नीट पास देतील. तटावरच्या शिपायांपासून स्वयंपाकघरातल्या बंद्यांपर्यंत सगळ्यांनाच ते इतकं सरळ वाटलं की कुणाच्या मनात शंकाही आली नाही. फुटबॉल म्हटल्यावर आधी पेठ विचारायची, हीच आमची रीत. चाकू सापडला तर आबा दहा झडत्या घ्यायचे, पण पेठ त्यांनी स्वतःच्या हातानं आत आणून दोन बराकींत भरली. साहेबांना यातलं काहीच कळलं नाही. खेळ एकदम सुधारला एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांनी वरच्या साहेबांना सामना बघायला बोलावलं.

पंच कोण, यावर मात्र अडलं. शिपाईसुद्धा कुठल्या ना कुठल्या पेठेचे. शेवटी आबांनीच तोडगा काढला. "शिवाप्पाला करा. त्यो कुणाचाच न्हाय." साहेबांनी नियमांचं एक मराठी पुस्तक आणलं होतं, ते आम्ही वर्गात वाचायला घेतलं. शिवाप्पानं आयुष्यात पूर्ण वाचलेलं ते पहिलं पुस्तक. वाचता वाचता थांबून मला विचारायचा, "हात म्हंजे कुठनं कुठवर, साहेब? खांदा त्यात धरायचा का सोडायचा?" खेळ संपला की शिट्टी गेटवर जमा करायची. बंद्याच्या गळ्यात शिट्टी, हे काही शिपायांना खुपायचं. "उद्या किल्ल्या मागंल," असं एकजण म्हणाला होता.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. वरचे साहेब, त्यांच्याबरोबर एक-दोन पाहुणे. चुन्याच्या रेघा विणकामवाल्या बंद्यांनी मारल्या होत्या. मी कोपऱ्यावर उभा होतो. सुरुवातीला सगळं छान चाललं. पाहुणे टाळ्या वाजवत होते, आमचे साहेब लहान मुलासारखे खूश दिसत होते. हळूहळू आरडाओरड्याचा सूर बदलला. बराकींची नावं मागं पडली आणि पेठांची नावं आली. तटावरचे शिपाईही ओरडायला लागले. वरच्या साहेबांनी कौतुकानं विचारलं, "ही काय घोषणा देताहेत?" आणि आमच्या साहेबांनी हसून सांगितलं, "आपापल्या बराकीचा अभिमान आहे, सर."

गोल कुणाचाच होत नव्हता. शेवटाकडं चार नंबरच्या एकानं गोलच्या तोंडाशी चेंडू मारला आणि तो बारक्याच्या हाताला लागला. बारक्या म्हणजे दोन नंबरचा धिप्पाड गडी, नाव उलटं पडलेलं. हात अंगापासून लांब होता, चेंडू सरळ तळव्यावर बसला. मी दहा पावलांवर होतो. शिवाप्पानं शिट्टी मारली आणि बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडं केलं.

"ए गावड्या, म्हसरं राखायला जा!" दोन नंबरवाले अंगावर आले. शिवाप्पा बोट तसंच धरून उभा राहिला. खुद्द बारक्यानं निर्णय मानला. कमरेवर हात ठेवून तो गोलीकडं वळला. म्हणजे मिटलंच होतं. तेवढ्यात मला आबांचा आवाज ऐकू आला. "न्हाय! छातीला लागलाय!" ते खुर्च्यांच्या मागून निघाले, रेघ ओलांडून तडक मैदानात आले. गणवेशात, टोपीसकट. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तो सुभेदाराचा चेहरा नव्हता. तालमीच्या पोराचा होता. त्यांनी शिवाप्पाचा हात धरून खाली ओढला.

"हँड न्हवतं. खेळ पुढं चालू दे."

"हँड हाय, सुभेदार."

"मला शिकवतोस व्हय? मी पेठेतनं खेळलोय."

शिवाप्पानं हात सोडवून घेतला आणि परत ठिपक्याकडं केला. "तुमी भाईर व्हा, सुभेदार. खेळ चालू असताना आत पंच मोठा. पुस्तकात हाय."

चार नंबरवाले खो खो हसले. खुर्च्यांतूनही कुणीतरी हसलं. आबांनी शिवाप्पाच्या कानाखाली मारली.

त्यानंतर कुणी काय आधी केलं हे सांगता येत नाही. निकाल चारच्या बाजूचा होता, त्यामुळे सुभेदारानं पंचाला मारलं म्हणजे पेठेनं पेठेला मारलं, असाच त्याचा अर्थ सगळ्यांनी घेतला. चार नंबर आबांवर धावले, दोन नंबर आबांना वाचवायला. खुर्च्या मोडल्या, एका शिपायाचं कपाळ फुटलं, पाहुण्यांना ढकलत गेटबाहेर काढलं. धोक्याची घंटा झाली. तिला आम्ही पगली म्हणायचो. लाठ्या चालल्या. सगळे बराकीत कोंडले गेले तेव्हा मैदानात शिवाप्पा एकटाच बसला होता, कान धरून. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि जमा करायला माझ्या हातात दिली.

चौकशीत मी जे पाहिलं ते साहेबांसमोर सांगितलं. हँड होतं, आबा आधी आत गेले, पहिला हात आबांनी उचलला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "तुम्ही खरं बोलताय. पण हे वर गेलं तर सुभेदार जातील आणि मीही जाईन. मग वर्ग, भजन, विणकाम, सगळं बंद होईल. दोनशे माणसांचं नुकसान मी करू का?"

मी विचारलं, "आणि शिवाप्पाचं, साहेब?"

"तुमचा जबाब घ्यायची गरज नाही," ते म्हणाले. "जा."

अहवालात आलं की पंच बंद्यानं चुकीचा निर्णय देऊन, कर्तव्यावरच्या सुभेदाराशी उद्धट बोलून इतरांना चिथावलं. शिवाप्पाची जमलेली माफी कापली गेली, खुल्या कारागृहाचं नाव परत आलं आणि त्याची रवानगी लांबच्या जेलात ठरली. साहेबांची बदली तरीही झालीच. नव्या साहेबांनी आल्या आल्या फुटबॉल, भजन आणि माझा वर्ग बंद केला. मला तेव्हा शिव्या द्यायच्या होत्या, पण कुणाला द्यायच्या ते कळत नव्हतं. आताही नीट कळत नाही.

अहवाल आला त्या संध्याकाळी जेवताना मी आबांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी नजर वर करून बोललो. "आबा, हँड होतं. तुम्हांला दिसलं होतं."

त्यांनी घास चावून संपवला. "दिसलं होतं."

"मग तसं सांगा की."

"आणि माझी नोकरी? ही खोली? तुझी भाकरी बी माझ्याच शब्दावर हाय." मग अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "त्याचं काय जायचंय रं? त्यो आतच हाय की."

आईनं ताटात वाढता वाढता हात आखडला. त्या वाक्यातला आवाज मला अजून आठवतो, कारण तो कठोर नव्हता. त्यांना ते मनापासून पटलं होतं. पुढं नोकरीत मी हेच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं, चांगल्या चांगल्या माणसांच्याही. जेल चालतं ते याच हिशेबावर, असं मला वाटू लागलं.

पुढच्या मुलाखतीच्या सोमवारी अव्वा आली. शिवाप्पाला आधीच हलवलं होतं आणि तिला कुणी कळवलं नव्हतं. आई आत जाऊन बसली. "मी न्हाय सांगणार. ज्यानं हात उचलला त्यानं सांगावं," ती म्हणाली. आबांनी टोपी घातली आणि मागल्या दारानं कामावर गेले. मग मीच ओटीवर बसून सांगितलं. जमेल तेवढं खरं सांगितलं. शेवटी तिनं माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "म्हंजे माझं डोळं आणि किती थांबायचं, तम्मा?" मी तिला उठायला हात दिला. जाताना तिनं फडकं नेहमीसारखं सोडलं, भाकऱ्या आणि चटणी ठेवली, आणि भिंतीचा आधार घेत गेली.

आम्ही त्या भाकऱ्यांना हात लावला नाही. संध्याकाळी मोजणीची घंटा झाली, आबा आले, हातपाय धुवून बसले. "ह्या कुणाच्या?" त्यांनी विचारलं. "शिवाप्पाच्या आईच्या," आई म्हणाली. आबांनी ताट पुढं ओढलं आणि खाली मान घालून त्या सगळ्या भाकऱ्या एकट्यानं खाल्ल्या. चटणीचा कणही ठेवला नाही. त्यांच्या मनात तेव्हा काय होतं, हे मी पुढं त्यांना विचारू शकलो असतो. त्यांना फार वर्षं मिळाली. हारतुऱ्यांत निवृत्त झाले, पेठेच्या सामन्यांना खुर्ची टाकून बसायचे, आणि झोपेतच गेले. आम्ही दोघं पाण्यापावसाचं, औषधाचं बोलायचो, याशिवाय काही नाही.

माझ्या बदल्या होत गेल्या. ज्या जेलात गेलो तिथं शिवाप्पाची चौकशी केली. इथून तिथं हलवला, तिथून आणखी कुठं, असंच उत्तर मिळायचं. पूर्ण शिक्षा भोगून सुटला एवढं एकदा समजलं, पुढचं नाही. त्याच्या गावाला जायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण त्या उंबऱ्यावर आमच्या घरातल्या माणसानं काय तोंड घेऊन जायचं?

या प्रकरणाचा पहिला भाग मी मागच्या महिन्यात वर्गात वाचून दाखवला. वर्ग सुटल्यावर आमच्यातली एक मुलगी जिन्यात थांबली. ती खालच्याच दवाखान्यात नर्स आहे, सीमेकडची. म्हणाली, "काका, तुमचं शिवाप्पा म्हंजे आमच्या गल्लीतलं शिवाप्पाअण्णाच की. बांधावरचं भांडण, अव्वाचं डोळं, सगळं त्येच."

मी विचारलं, तो घरी आला तेव्हा म्हातारी होती का.

"होती की. आमची आजी सांगती सगळं. पण डोळं पार गेलतं. अण्णा पाया पडलं, अव्वा म्हणून हाक मारली, तर म्हणाली, आवाज कुणीबी काढतंय. भावकीनं जमिनीसाठी लई फसवलंतं तिला, कुणावर इस्वास न्हवता. चेहरा चाचपला, तर म्हणाली, माझ्या पोराचं गाल भरल्यालं हायीत, ह्यो म्हातारा कोण?" तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "लई केलं त्यांनी तिचं. आंघोळ घालायची, भरवायचं. चार वर्सं. मरस्तोवर त्यांच्याच हातनं जेवली. पण त्यांना पावणंच म्हणायची. रोज जेवून झालं की सांगायची, पावणं, आता तुमी जावा, माझा शिवू येईल."